अर्धा बाबांचा, अर्धा आईचा

आमचं घर मला दिसण्याआधी ऐकू येतं. डोळे मिटले की परातीत भाकरी थापणाऱ्या ओल्या हाताचा आवाज येतो, मग फुंकणीची लांब फुंकर, आणि मागच्या दारी कुणी चिंबोऱ्यांची म्हणजे खेकड्यांची टोपली हलवली की आत होणारी ती खरखर. लहानपणाबद्दल बोलताना लोक अंगणातल्या झाडांबद्दल बोलतात. मला झाड म्हणजे सावली एवढंच ठाऊक होतं. हातापलीकडचं सगळं माझ्यासाठी पाण्यात बुडालेल्या चित्रासारखं असायचं, आणि उन्हात तर तेही पुसून जायचं. त्यामुळे माणसं मी पावलांवरून ओळखायचे. आईचं पाऊल हलकं आणि घाईचं. थोरला भाऊ बाळाराम धावतच यायचा. बाबा मिठागरातून येताना पायाला चिकटलेला चिखल उंबऱ्यावर दोनदा आपटायचे, आणि मग घरात सगळेच थोडे गप्प व्हायचे.

मी जन्माला आले ती पांढरी. गोरी नव्हे, पांढरी. केस भाताच्या वाळलेल्या पेंढ्यासारखे, पापण्याही तशाच, आणि डोळे सारखे इकडून तिकडे हलणारे. आमचं गाव रेवसच्या बंदरापासून फार लांब नाही, खाडीच्या कडेला, मिठागरवाल्यांचं आणि खारभूमीत भात लावणाऱ्यांचं. पिढ्यान्‌पिढ्या उन्हात उभं राहून माणसं तव्यासारखी काळी झालेली. बाबा काळे, आई सावळी, बाळाराम तर जांभळासारखा. त्यांच्यात मी. आईनं माझं नाव यमुना ठेवलं, गावानं भुरी ठेवलं. गावाचंच चाललं.

भुरी म्हणायचे त्याचं मला काही वाटायचं नाही. वाटायचं ते दुसऱ्या नावाचं. माझ्या जन्माआधीच्या साली खाडीची खोली मोजायला एक मोठी बोट आली होती, तिच्यावर दोनचार गोरी माणसं होती, आणि ती गावातून पाणी नि कोंबड्या न्यायची. एवढ्यावरून मी झाले “बोटवाल्याची”. विहिरीवर बायका हा शब्द आई पुढे गेल्यावर बोलायच्या, पण फार पुढे जाईपर्यंत थांबायच्या नाहीत. सगळ्यात जास्त बोलायची ती गोमी आत्या, बाबांची थोरली विधवा बहीण. तिचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. तिला वाईट म्हणावं तर मी आजारी पडले की पहिली पेज तिच्याच घरून यायची. पण पेजेचं भांडं खाली ठेवता ठेवता ती म्हणायची, “आमच्या घरान्यात असं कुनी नव्हतं गो बाय.” आणि आई भांडं धुऊन परत द्यायची.

बाबांनीही आईला कधी काही विचारलं नाही. मारलं नाही, माहेरी धाडलं नाही. पण त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. “ती जेवली का?” “तिला सांग दार लाव.” बाळारामला ते खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचे, मी आईच्या पदराला धरून मागून चालायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळेच बाप मुलींशी असंच वागत असतील. शेजारच्या घरात डोकावल्यावर तसं नाही हे कळलं.

आई मात्र मला दिवसभर सांभाळायची. जुन्या लुगड्याचं तिनं मला मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं शिवलं होतं, गावात तसं कुणाचंच नव्हतं. उन्हात जावंच लागलं तर पदर ओला करून डोक्यावर बांधायची. संध्याकाळी खोबरेल तेल लावताना तिचा हात भाजलेल्या जागेवर आपोआप हलका व्हायचा. मला जवळ्याची, त्या इवल्याशा सुक्या कोलंबीची, चटणी फार आवडायची, कांदा करपेपर्यंत परतलेली आणि वर आमसूल टाकलेली. त्यासोबत गरम तांदळाची भाकरी. आजही सून तशी चटणी करते तेव्हा मी चष्मा काढून ठेवते आणि नुसत्या वासावर बसून राहते. मुलं हसतात.

शाळेत मी पहिल्या बाकावर बसूनही फळ्यावरचं वाचू शकत नव्हते. पुस्तक नाकाला लावून वाचायचे, पण वाचायचे भराभर. आमचे गुरुजी एक दिवस घरी आले आणि आईला म्हणाले, “पोर हुशार आहे, डोळ्यांमुळे मागे पडेल. मुंबईला मोठ्या दवाखान्यात एकदा दाखवा. आईबापांपैकी कुणीतरी बरोबर लागेल, तिकडे सगळं विचारतात.” त्या वेळी आईला पुन्हा दिवस गेले होते. बाळाराम आणि माझ्यानंतर इतक्या वर्षांनी. गावात सगळे त्याच एका गोष्टीची वाट बघत होते, आता कसं निघतंय ते. आईलाही ते माहीत होतं.

त्या संध्याकाळी बाबा जेवायला बसले तेव्हा आई म्हणाली, “यमुनाला मुंबईला न्यायची हाय. तुमी जा.”

“मी कनाला? तू जा ना. बालाराम येईल संगती.”

“मी न्हाय जानार.” आईचा आवाज चढला नव्हता. भाकरी उलटवता उलटवता ती म्हणाली, “मला ठाव हाय मी काय केलंय नी काय न्हाय. ज्याला ठाव न्हाय त्यानं जावं.”

बाबांचा घास तोंडाजवळ थांबला असणार, कारण बराच वेळ मला चावण्याचा आवाज आला नाही. बारा वर्षांत घरात ही गोष्ट पहिल्यांदाच बोलली गेली होती.

आम्ही रेवसहून लाँचने निघालो. माझी ही पहिलीच लाँच. लोकांना समुद्र बघून आनंद होतो, मला त्याच्याइतकी क्रूर वस्तू दुसरी माहीत नव्हती. खालून पाणी चमकत होतं, वरून ऊन, आणि मधे मी दोन्ही हातांनी डोळे झाकून बसलेली. डिझेलचा वास, इंजिनाची धडधड, बाजूला कुणाच्या तरी टोपलीत कोंबड्या. मध्येच माझ्यावर सावली पडली. वाटलं ढग आला. बाबा उठून माझ्यापुढे उभे राहिले होते, उन्हाकडे पाठ करून, वरच्या दांड्याला धरून. भाऊच्या धक्क्याला लागेपर्यंत ते तसेच उभे होते.

दवाखान्यात आम्ही खूप वेळ लाकडी बाकावर बसलो. मग एका डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, “मुलीचं नाव?”

मी बोलणारच होते. पण त्या बाबांकडे बघून विचारत होत्या. बाबा खाकरले. “यमुना,” ते म्हणाले. “यमुना राघो.” त्यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते असं, एका अनोळखी बाईला सांगताना.

बाईंनी माझी हनुवटी वर करून डोळ्यांत बारीक उजेड सोडला, केस बोटांत धरून बघितले, हातावरच्या जुन्या फोडांच्या खुणा बघितल्या. मग खुर्ची बाबांच्या बाजूला वळवून म्हणाल्या, “तुम्ही नवराबायको नात्यातले आहात का?”

“व्हय. मामाची पोर केली मी. आमच्यात करतात.”

“वाटलंच. आता मी सांगते ते नीट ऐका. अंगाचा, केसांचा, डोळ्यांचा काळेपणा आपलं शरीर आतल्या आत बनवतं. तो कसा बनवायचा याची शिकवण प्रत्येकाच्या शरीरात दोनदा असते. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दोनपैकी एक बिघडलेली असली तरी दुसरी काम चालवून नेते. माणूस चांगला काळासावळा दिसतो, त्याला जन्मभर पत्ताही लागत नाही. तुमच्यात तसं आहे. तुमच्या बायकोतही आहे.”

“माज्यात?” बाबा म्हणाले. मी जवळच उभी होते म्हणून मला दिसलं, त्यांनी स्वतःचा हात उलटसुलट करून बघितला. मिठानं चिरलेला, करपलेला हात.

“तुमच्यात. एक चांगली, एक बिघडलेली. बायकोतही तसंच. मूल होताना दोघं एकेकच देतात, कुठली जाईल ते कुणाच्या हातात नसतं. तुमच्या मुलाला निदान एक तरी चांगली मिळाली. हिला दोघांकडून बिघडलेली मिळाली. एकाकडूनच आली असती तर ही तुमच्यासारखीच काळी झाली असती.”

बाबा अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “गावात म्हनतात, कुनी गोरा मानूस...” आणि मी तिथे आहे हे आठवून थांबले.

बाईंना समजलं. त्या रागावल्या नाहीत. “गोऱ्या माणसापासून असं मूल होत नाही हो. गोऱ्याच्या अंगातही रंग असतोच, कमी एवढंच. हिच्या शरीरात तो बनतच नाही. हा बिघाड फार थोड्या माणसांत असतो. पण तुमची आई आणि तुमच्या बायकोचे वडील सख्खी भावंडं ना? मग वर कुठेतरी एकाच आजोबाकडून किंवा आजीकडून तो दोन्ही घरांत उतरला आणि तुमच्या लग्नात परत एकत्र आला. अर्धा तुमच्या बायकोचा, अर्धा तुमचा. तुमच्या वाट्याशिवाय ही मुलगी अशी होऊच शकली नसती.”

ते वाक्य मी आजवर शेकडो वेळा मनात म्हटलंय. मी एवढी पांढरी होते ती बाबांची होते म्हणूनच.

बाबांनी आणखी एकच गोष्ट विचारली. “घरात पुना दिवस गेलेत. ते पोर?”

“चारात एक, असं धरा.”

“म्हंजे एक झाली. आता तीन चांगली.”

“नाही नाही. दर वेळी नव्यानं. पोटातल्या बाळाला कुठे माहीत असतं आधी कोण होऊन गेलं ते.” मग माझ्या डोक्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, “याला औषध नाही. पण टोपी, काळा चष्मा, पूर्ण बाह्या आणि जाड अक्षरं एवढं दिलंत तर ही काहीही करू शकेल. बुद्धीला काही झालेलं नाही. शिकवा.”

पूर्ण बाह्या हे ऐकून मला आईचा एवढा अभिमान वाटला. तिला कुणी न सांगताच ते कळलं होतं.

बाहेर आल्यावर बाबांनी रस्त्यावरून रुंद काठाची एक गवती टोपी आणि काळा चष्मा घेतला. चष्मा मोठ्या माणसाचा होता, नाकावरून घसरायचा. पण तो लावला आणि कपाळातली ओढ एकदम सैल पडली, तेव्हा मला कळलं की ती ओढ जन्मापासून तिथे होती. आम्ही धक्क्यावर बसून पावात भजी घालून खाल्ली. बाबांनी विचारलं, “तुला आता समोर काय दिसतं?”

मी सांगितलं, “पानी हाय, पन टोचत न्हाय. नी तुमी दिसता. तुमचं कान मोठं हायेत.”

बाबा हसले. माझ्याकडे बघून हसले.

घरी पोचलो तेव्हा आई मांदेली तळत होती. बाबांनी उंबऱ्यावर पाय आपटले नाहीत, तसेच चिखलमातीचे आत आले आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं, चुकतमाकत, मध्येच मला विचारत, “काय म्हनाल्या गं बाई?” शेवटी म्हणाले, “अर्धं माजं हाय पारू. अर्धं माजं.”

मला वाटलं होतं आई रडेल, किंवा देवापुढे दिवा लावेल. आईनं मासे उलटले. मग म्हणाली, “डाक्तरीन बोलली तवा खरं झालं. मी बारा वर्सं घरात होते.”

आई त्या रात्री बाबांशी बोलली नाही, पुढचे बरेच दिवस लागेल तेवढंच बोलली. पण दुसऱ्या सकाळी बाबांनी हंडा उचलला आणि विहिरीवर गेले. आमच्याकडे पुरुष पाणी भरत नाहीत. बायका हसल्या, म्हणाल्या, राघोला मुंबईचं पाणी लागलं. बाबा रोज जात राहिले. ज्या विहिरीवर आईनं ते सगळं ऐकलं होतं तिथे ते हंडा घेऊन उभे राहायचे, आणि ते उभे असेपर्यंत कुणी तो शब्द काढत नसे.

थोड्याच दिवसांत गोमी आत्याच्या मुलीची, कमलताईची हळद आली. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. मांडवात सकाळपासून वडे तळले जात होते, मटणाच्या वाटणाचा वास पार खाडीपर्यंत गेला होता, आणि धवलारणींनी धवले म्हणायला सुरुवात केली होती. त्या बायका भटजीसारख्याच मानाच्या, त्यांच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. मला ते सूर फार आवडायचे. पण आत्या आईजवळ येऊन कुजबुजली, “पारू, पाव्हनं जाईपरत भुरीला आतल्या खोलीत ठेव. नी तू पन पोटुशी, पुढं नको येवूस. उगा त्यांच्या मनात काय येईल.” आई मला घेऊन आत गेली. सवयच होती.

मग दारात बाबांची पावलं. “यमुना कुठं हाय?” टोपी माझ्या डोक्यावर ठेवून, एका हातानं मला आणि दुसऱ्या हातानं आईला धरून त्यांनी दोघींना मांडवात आणलं. उभ्या गावासमोर बायकोचा हात धरलेला तो पहिला माणूस असावा. धवलारणी गाता गाता थांबल्या.

“बाय,” बाबा आत्याला म्हणाले. त्यांना चारचौघांत बोलायची सवय नव्हती. “तू बोलतेस, आपल्या घरान्यात असं कुनी नव्हतं. तर हाय. माज्यात हाय. मी डोल्यांना काला दिसतो, पन आत हाय. आपल्या आयच्या घरनं आलं, नी पारूच्या बापाकडनं पन तेच आलं, ती दोघं भाऊभयन. दोनी वाटांनी आलं म्हून ही पोर अशी झाली. बोटवाला-बिटवाला कुनी नव्हता. पोर माजी हाय. तिचा रंग पन माजा हाय, अर्धा. जो पारूला बोलंल त्यानं आदी मला बोलावं.”

कुणीतरी मागून हसलं, “राघ्या, डाक्तरनं तुला भुलवला.” बाबा म्हणाले, “भुलवला तर भुलवला. बारा वर्सं तुमी भुलवला व्हता.”

मला आत्याचा चेहरा दिसत नव्हता, श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, “आयच्या घरनं? म्हंजे माज्यात पन असंल?” बाबा म्हणाले, “असंल. नसंल. बघून कलत न्हाय.” तिनं हळदीची वाटी उचलली, माझ्याजवळ आली आणि माझ्या गालाला हळद लावली. माफी वगैरे काही मागितली नाही, ते तिला येत नव्हतं. धवलारणींतली म्हातारी म्हणाली, “पोरीला फुडं बसवा, टोपी काढू नका,” आणि तिनं सुटलेला सूर परत धरला.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. मुलं चिडवत राहिली. पण बाळारामचं लग्न आत्याच्या धाकटीशी ठरल्यासारखंच होतं, ते बाबांनी हात जोडून मोडलं आणि परक्या गावची सून आणली. मी मॅट्रिक झाले, अलिबागला टेलिफोनच्या कचेरीत लागले. तिथे आवाज ओळखणं हेच काम होतं, त्यात मला कोण हरवणार. माझे दोन्ही मुलगे सावळे आहेत. त्यांच्यात माझ्याकडून आलेली एक बिघडलेली शिकवण नक्की आहे, कारण माझ्याकडे द्यायला चांगली नव्हतीच. दोघांचीही लग्नं ठरवताना मी मुलीकडच्यांना हे बसवून, समजावून सांगितलं. एका ठिकाणी चहा अर्धा टाकून ते उठून गेले. दुसऱ्या ठिकाणी मुलीनंच विचारलं, “मग आपण नात्यातले नाही ना? झालं तर.” तीच ही चटणी करणारी सून.

पण मला सांगायची आहे ती आईच्या बाळंतपणाची सकाळ. भरतीची वेळ होती, बांधावर पाणी आपटत होतं. आईला आतल्या खोलीत घेतलं होतं. बाबा मिठागरावर गेले नाहीत, दाराशी बसून राहिले. मी त्यांच्या बाजूला. आतून रडणं ऐकू आलं, खणखणीत. पण सुईण लगेच बाहेर आली नाही, आणि आली तेव्हा तिची पावलं जड होती.

“राघो, पोर झाली. पन...”

“पन काय?”

“भुरीसारकीच हाय रे.”

मी बाबांच्या बाहीला धरलं. बाबा म्हणाले, “रडली ना ती? मी ऐकलं.”

“रडली की.”

“मंग पन काय त्यात?”

ते उठून आत गेले. ती भागीरथी. आता ती साठीकडे झुकली आहे, नागावला नारळाच्या वाडीत राहते आणि माझ्यापेक्षा जास्त बोलते. त्या वेळी ती एक ओलं पांढरं गाठोडं होती, आईच्या कुशीत तोंड वेडंवाकडं करत होती. आई थकलेली होती, पण बाबांकडे बघत होती, काय करतात ते, हे तिनंच मला पुढे सांगितलं. बाबा खाटेजवळ उकिडवे बसले, मुलीच्या डोक्यावरच्या पेंढ्यासारख्या केसांना एक बोट लावलं, आणि वळून मला हाक मारली.

“यमुने, इकडं ये. हिला काय लागंल, काय न्हाय, ते या घरात तुलाच ठाव. सांग आमाला. काय करू?”

मी उंबऱ्यावरच उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला ‘काय करू’ असं विचारलं होतं. मी बाळाजवळ जाऊन वाकून बघितलं. समोरच्या खिडकीतून ऊन सरळ तिच्या चेहऱ्यावर येत होतं.

“आदी ती खिडकी लावा,” मी म्हटलं.

बाबा उठले आणि त्यांनी खिडकी लावली.